विद्युत वायरिंगसाठी पीव्हीसी, लोखंडी की आणखी कोणता पाइप? कंड्युटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे घर बांधणाऱ्या, जुन्या घराचे वायरिंग बदलणाऱ्या किंवा शेतपंपाची जोडणी करून घेणाऱ्या मंडळींना कंड्युट, म्हणजे विजेच्या तारा ज्यातून नेतात तो पाइप, निवडताना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एकाच पाइपने सगळीकडे भागवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पण स्लॅब, भिंत, गच्ची, जमीन आणि गोठा यांची पाइपाकडून असणारी अपेक्षा एकसारखी नसते. म्हणून ‘कोणता पाइप चांगला’ यापेक्षा ‘कोणत्या जागी कोणता पाइप’ हाच प्रश्न खरा मानून पुढील उत्तरे लिहिली आहेत.

वायर चांगल्या प्रतीची घेतली आहे. मग पाइपावर वेगळा खर्च कशासाठी करायचा?

वायर नुसती प्लास्टरमध्ये गाडली, तर तिला खिळ्यापासून, ओलीपासून आणि सिमेंटच्या क्षारापासून संरक्षण मिळत नाही. ती पुढे बिघडली, तर भिंत फोडल्याशिवाय बदलताही येत नाही. घराची भिंत साठ-सत्तर वर्षे उभी राहते, वायरचे आवरण मात्र उष्णतेने हळूहळू कडक होत जाते. शिवाय घरातला विजेचा वापरही वाढत जातो. ज्या घरात पूर्वी एक पंखा आणि दोन दिवे होते, तिथे आज एसी, गीझर आणि इंडक्शन शेगडी आली आहे. त्यामुळे एका पिढीत निदान एकदा तरी वायर बदलण्याची वेळ येतेच. जुनी तार ओढून काढून त्याच वाटेने नवी, जाड तार घालता येणे हे कंड्युटचे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि पाइप निवडताना व टाकताना नेमके हेच सर्वांत जास्त विसरले जाते. वायरिंगच्या कामाची रीत सांगणारे भारतीय मानक आयएस ७३२ आहे. पाइपांची जोडणी आधी पूर्ण व्हावी आणि मगच तारा ओढाव्यात, ही त्यातली शिस्त त्यासाठीच आहे. पाइपातून तार एकदा सहज गेली, म्हणजे ती पुढेही निघेल याची खात्री होते.

बाजारात कंड्युटचे कोणकोणते प्रकार मिळतात?

घरगुती कामात सर्वाधिक वापर कडक पीव्हीसी पाइपाचा होतो. त्याचे मानक आयएस ९५३७ भाग ३ हे आहे. कारखाने, गोदामे, सार्वजनिक इमारती आणि उघड्यावरच्या कामांसाठी लोखंडी पाइप वापरतात; त्यात काळा इनॅमल दिलेला एमएस आणि जस्ताचा थर दिलेला जीआय असे दोन प्रकार आहेत, आणि दोन्ही आयएस ९५३७ भाग २ खाली येतात. जमिनीखालून केबल न्यायची असेल, तर बाहेरून खाचांचा आणि आतून गुळगुळीत असलेला दुहेरी भिंतीचा एचडीपीई (एक प्रकारचे प्लास्टिक) पाइप घेतात, ज्याला बाजारात डीडब्ल्यूसी म्हणतात; त्याचे मानक आयएस १४९३० आहे. यंत्राजवळच्या शेवटच्या हातभर अंतरासाठी लवचीक पाइप मिळतो. स्टेनलेस स्टीलचा पाइप प्रामुख्याने औषधनिर्मिती व अन्नप्रक्रिया उद्योगांत दिसतो. ॲल्युमिनियमचा कंड्युट आपल्याकडे क्वचितच आढळतो. ओल्या काँक्रीटमधील अल्कली ॲल्युमिनियमला खाते, त्यामुळे तो स्लॅबमध्ये किंवा प्लास्टरमध्ये घालू नये.

घरासाठी पीव्हीसी पुरेसा आहे का, की लोखंडी पाइप अधिक सुरक्षित असतो?

भिंतीत आणि स्लॅबमध्ये बंद राहणाऱ्या वायरिंगसाठी चांगल्या प्रतीचा पीव्हीसी पाइप पुरेसा आहे, आणि बहुतेक घरांत तोच अधिक योग्यही आहे. तो गंजत नाही आणि स्वतः वीजवाहक नाही, त्यामुळे आत एखाद्या तारेचे आवरण सोलले गेले तरी पाइपात वीज उतरत नाही. तो हातकरवतीने कापता येतो आणि सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप चिकटवण्याच्या द्रावणाने) जोडता येतो. वजनातला फरक तर मोठाच आहे: २० मिलिमीटरचा लोखंडी पाइप मीटरला सुमारे पाऊण किलो भरतो, तर त्याच मापाचा मीडियम, म्हणजे मध्यम प्रतीचा, पीव्हीसी पाइप साधारण सव्वाशे ग्रॅम. चौथ्या मजल्यावर माल चढवणाऱ्या आणि शिडीवर उभे राहून काम करणाऱ्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो.

लोखंडी पाइपाची बाजू भक्कम होते ती तीन ठिकाणी. जिथे पाइप उघडा असून त्यावर आघात होण्याची शक्यता असते, जिथे आसपास जळाऊ माल, जुने लाकूड किंवा उष्णता असते आणि जिथे उंदरांचा उपद्रव असतो, तिथे लोखंडाला पर्याय शोधू नये. पुण्यातल्या किंवा वाईतल्या जुन्या वाड्यात तुळया, पाटणी आणि लाकडी जिने कायम ठेवून वायरिंग नवे करायचे असेल, तर लाकडालगतच्या भागात तरी लोखंडी कंड्युटच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाइपावर एलएमएस, एमएमएस, एचएमएस अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ काय?

पाइप किती दाब सोसू शकतो, त्याची ही प्रतवारी आहे: हलका, मध्यम आणि जड. दाबचाचणीत हलक्या प्रतीच्या पाइपाला ३२० न्यूटन, मध्यम प्रतीच्या पाइपाला ७५० न्यूटन आणि जड प्रतीच्या पाइपाला १२५० न्यूटन भार सोसावा लागतो. ७५० न्यूटन म्हणजे साधारण ७५ किलो वजनाच्या माणसाचा भार. स्लॅबच्या सळ्यांवर पाइप टाकून झाल्यावर त्यावरून गवंडी, सेंट्रिंगवाले आणि काँक्रीटच्या पाट्या वाहणारे कामगार ये-जा करतात, हे डोळ्यांसमोर आणले म्हणजे हलक्या प्रतीचा पाइप तिथे का टिकणार नाही ते उमगते. स्लॅबसाठी किमान मीडियम, आणि जमत असेल तर हेवी घ्यावा. भिंतीतल्या झिरीसाठी (पाइप बसवायला खोदलेल्या खाचेसाठी) मीडियम पुरतो. लाइट पाइप मी कुठल्याच कायमस्वरूपी कामासाठी सुचवणार नाही. त्यात वाचणारे पैसे संपूर्ण वायरिंगच्या खर्चात नगण्य असतात आणि एक चेपलेला पाइप अख्खे सर्किट अडवून ठेवतो.

२० मिलिमीटरचा पाइप घ्यावा की २५ चा? एका पाइपात किती तारा घालाव्यात?

कंड्युटचे माप बाहेरच्या व्यासावरून सांगतात: १६, २०, २५, ३२, ४०, ५० आणि ६३ मिलिमीटर. दुकानात पाऊण इंची म्हणजे २० आणि एक इंची म्हणजे २५ असे समजले जाते. १६ मिलिमीटरचा पाइप आता घेऊ नये. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांतही २० पेक्षा लहान माप चालत नाही.

तारांच्या संख्येचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. पहिले अंग जागेचे. अमेरिकेच्या विद्युत संहितेत तीन किंवा अधिक तारांनी पाइपाच्या आतील क्षेत्रफळाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये असा दंडक आहे, आणि तो आपल्यालाही मार्गदर्शक म्हणून उत्तम आहे. २० मिलिमीटरच्या मीडियम पाइपाचा आतला व्यास साधारण १७ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस मिलिमीटर. त्याचे ४० टक्के म्हणजे सुमारे ९०. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेचा आवरणासह व्यास ३.६ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एक तार सुमारे १० चौरस मिलिमीटर जागा घेते. या हिशेबाने आठ तारा बसतात.

दुसरे अंग उष्णतेचे, आणि ते अधिक महत्त्वाचे. वीज वाहताना तार तापते, आणि एकाच पाइपातली सर्किटे एकमेकांना तापवतात. दोन सर्किटे एकत्र असतील तर प्रत्येकाची वहनक्षमता सुमारे ८० टक्क्यांवर येते आणि तीन असतील तर ७० टक्क्यांवर. म्हणजे एकट्याने २० अँपिअर वाहू शकणारी तार तीन सर्किटांच्या पाइपात १४ अँपिअरचीच उरते. दिव्या-पंख्यांच्या सर्किटांना याचा फारसा त्रास होत नाही, कारण त्यांचा भार कमी असतो. एसी, गीझर आणि ओव्हनच्या सर्किटांना मात्र होतो. तेव्हा पॉवरच्या प्रत्येक सर्किटाला स्वतंत्र पाइप द्यावा आणि मुख्य वाटांना २५ मिलिमीटरचे माप धरावे. उद्या वाढवाव्या लागणाऱ्या तारेसाठी जागा आजच राखून ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

स्लॅबमध्ये पाइप टाकताना कोणती काळजी घ्यावी?

घराच्या संपूर्ण वायरिंगमध्ये हे काम सर्वांत नाजूक आहे, कारण काँक्रीट पडल्यावर दुरुस्तीची संधी राहत नाही. पाइप खालच्या सळ्यांच्या वर आणि वरच्या सळ्यांच्या खाली असावा, आणि दर काही अंतरावर बाइंडिंग तारेने बांधलेला असावा, म्हणजे व्हायब्रेटरच्या धक्क्याने तो सरकत नाही. तो थेट सेंट्रिंगच्या पाटीवर टेकलेला असेल, तर त्याच्याखाली काँक्रीटचे पुरेसे आवरण राहत नाही आणि छताला त्याच रेषेत तडा दिसू लागतो. पाइपाचा बाहेरचा व्यास स्लॅबच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावा, आणि शेजारच्या दोन पाइपांच्या मध्यांत किमान तीन व्यासांचे अंतर असावे, असे अमेरिकी काँक्रीट संहिता सांगते. आपल्याकडे डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या (जिथून घरातली सर्किटे फुटतात त्या पेटीच्या) डोक्यावर सात-आठ पाइप एकमेकांना चिकटून उतरतात. तिथे मधे खडी शिरत नाही, काँक्रीट पोकळ राहते आणि ऐन आधाराजवळ स्लॅब कमजोर होतो. हे पाइप दोन-तीन दिशांनी पांगवून आणले, तर ही अडचण टळते.

प्रत्येक जोडाला सॉल्व्हंट सिमेंट लावलेच पाहिजे. नुसता दाबून बसवलेला सॉकेट (दोन पाइप जोडणारा तुकडा) काँक्रीट ओतताना निसटतो, त्यातून सिमेंटचे दूध आत शिरते आणि वाळल्यावर दगडासारखा अडसर तयार होतो. जंक्शन बॉक्स व फॅन बॉक्सची तोंडे थर्माकोल किंवा कागद भरून, चिकटपट्टीने बंद करावीत. पंख्याचा भार मात्र पीव्हीसी बॉक्सवर कधीही टाकू नये. हूक किंवा गज स्लॅबच्या सळ्यांना अडकवलेला असला पाहिजे. स्लॅब भरण्याआधी सगळ्या वाटांचे फोटो मोजपट्टीसह काढून ठेवावेत. नंतर छताला भोक पाडताना त्यांची किंमत कळते.

भिंतीला झिरी पाडल्याने भिंत कमजोर होते का?

होऊ शकते, आणि आडवी झिरी उभ्या झिरीपेक्षा जास्त घातक असते. भारवाहक भिंतींविषयीचे भारतीय मानक आयएस १९०५ आहे. त्यानुसार उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी झिरी एक षष्ठांशाहून खोल नसावी. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरच्या विटांच्या भिंतीत आडव्या झिरीला सुमारे ३८ मिलिमीटर खोली मिळते आणि २५ चा पाइप त्यात नीट बसतो. साडेचार इंची भिंतीत मात्र ही खोली १९ मिलिमीटरवर येते, म्हणजे २० चा पाइपही पूर्ण आत जात नाही. अशा भिंतीत आडवी वाट टाळून पाइप वरून स्लॅबमधून किंवा खालून फरशीखालून आणावा आणि स्विचबोर्डपाशी सरळ उभा उतरवावा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बोर्ड खोदणे टाळावे.

एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत छिन्नी-हातोड्याऐवजी कटर मशीन वापरावे, कारण ठोके बसले की ब्लॉकचे मोठाले टवके निघतात. कोकणातल्या चिऱ्याच्या घरांत दगडाला खोदणे सोपे वाटते, पण जांभा ओल शोषून घेतो. तिथे लोखंडी बॉक्सऐवजी पीव्हीसी बॉक्स बरा ठरतो, आणि झिरी सिमेंटच्या मालाने पूर्ण भरून त्यावर जाळी मारावी.

वळणासाठी एल्बो वापरावा की पाइप वाकवावा?

शक्य तिथे पाइप वाकवावा. एल्बोचे वळण काटकोनात आणि तोकडे असते. तार तिथे घासते, अडते आणि जोर लावून ओढली तर तिचे आवरण सोलले जाते. पीव्हीसी पाइप वाकवण्यासाठी त्याच्या आतल्या मापाची स्प्रिंग मिळते. ती आत घालून पाइप गुडघ्यावर हळूहळू, हव्या त्या कोनापेक्षा किंचित जास्त वाकवायचा आणि मग सोडायचा. २५ मिलिमीटरपर्यंतचे पाइप असे थंडच वाकतात. वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या चौपटीहून कमी नसावी. मेणबत्तीवर किंवा स्टोव्हवर तापवून वाकवलेला पाइप वळणाच्या आतल्या बाजूला चेपतो, कधी करपतोही. ही रीत सोडून द्यावी.

दोन बॉक्सच्या मध्ये चार काटकोनांहून अधिक वळणे नकोत. माझ्या अनुभवाने दोन किंवा फार तर तीन वळणांनंतर मधे एक जंक्शन बॉक्स द्यावा. पाइप टाकणारा आणि तार ओढणारा माणूस एकच असेल, तर वळणे आपोआप कमी होतात, हे मी अनेक कामांवर पाहिले आहे.

लोखंडी कंड्युट असेल तर अर्थिंगची वेगळी तार लागते का?

हो, लागते. पूर्वी पाइपालाच अर्थिंगची वाट मानत असत, पण चुड्यांच्या (आट्यांच्या) जोडांवर गंज, रंग किंवा इनॅमल साचला की ती वाट खंडित होते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पाइपाच्या आतून स्वतंत्र हिरवी तार न्यावी आणि शिवाय पाइप व लोखंडी बॉक्सही अर्थला जोडावेत. अर्थ न केलेला लोखंडी पाइप हा पीव्हीसीपेक्षा अधिक धोक्याचा असतो, कारण आतली एक तार सोलली गेली की संपूर्ण पाइपात वीज उतरते.

लोखंडाच्या बाबतीत आणखी एक नियम कसोशीने पाळावा लागतो. एका सर्किटाची फेज आणि न्यूट्रल, तसेच थ्री फेजच्या सर्व तारा, एकाच पाइपातून जाव्यात. फेज एका लोखंडी पाइपातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून नेली, तर तारेभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र परतीच्या प्रवाहाने रद्द होत नाही. पाइपाच्या धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि पाइप तापू लागतो. पीव्हीसीत हा प्रश्न उद्भवत नाही.

पाइप कापल्यावर आतल्या कडेला राहणारी धार रीमरने किंवा कानशीने काढावी आणि बॉक्समध्ये शिरणाऱ्या टोकाला बुश लावावा. धारदार टोकावर तार सोलली जाणे हा लोखंडी कामातला नेहमीचा दोष आहे.

समुद्राजवळच्या घरासाठी कोणता पाइप योग्य?

पीव्हीसी. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने जस्ताचा थर लवकर झिजतो आणि उघडा जीआय पाइप आधी जोडांवर, चुड्यांवर आणि सॅडलखाली (पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली) गंजतो, कारण चुड्या पाडताना तिथला जस्ताचा थर निघून गेलेला असतो. काळ्या इनॅमलचा पाइप तर किनाऱ्यावर वापरूच नये. जिथे लोखंडच हवे, तिथे गरम जस्तात बुडवून काढलेला पाइप घेऊन उघड्या चुड्यांना जस्तयुक्त रंग लावावा. पावसाळ्यात पाइपात दमट हवा थंड होऊन पाणी साचते. म्हणून बाहेरच्या पाइपाला किंचित उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या बॉक्समधून पाणी बाहेर पडेल अशी सोय ठेवावी.

गच्चीवर, उन्हात पीव्हीसी पाइप चालतो का?

साध्या पीव्हीसी कंड्युटची नेहमीच्या वापराची वरची मर्यादा ६० अंश सेल्सिअस आहे, आणि ७५ ते ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो. चंद्रपूर, नागपूर किंवा अकोल्याच्या उन्हाळ्यात हवेचे तापमानच ४५ च्या पुढे जाते, आणि गच्चीवर तळपत्या उन्हातला काळा पाइप त्याहून कितीतरी जास्त तापतो. शिवाय अतिनील किरणांनी पीव्हीसी ठिसूळ होतो. पाचसात उन्हाळ्यांनंतर तो साध्या धक्क्याने फुटताना दिसतो. त्यात भर पडते ती प्रसरणाची. उघड्यावरच्या दहा मीटर पाइपाचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर पीव्हीसी सुमारे २० मिलिमीटर लांबतो आणि लोखंड चार मिलिमीटरहूनही कमी. दोन्ही टोके घट्ट बांधलेला पीव्हीसी पाइप म्हणूनच सापासारखा वाकडा झालेला दिसतो.

गच्चीवरून सौर पॅनेलच्या तारा खाली आणायच्या असतील, तर जीआय पाइप किंवा अतिनील किरणांना टिकेल असा खास पीव्हीसी पाइप घ्यावा, लांब सरळ वाटेत प्रसरणाचे कपलर द्यावेत आणि शक्य तितकी वाट सावलीच्या भिंतीवरून न्यावी. सॅडलमधले अंतर लोखंडी पाइपाला एक मीटरपर्यंत चालते, पीव्हीसीला मात्र ६० सेंटिमीटरहून अधिक नको.

आग लागली तर पीव्हीसी पाइप घातक ठरतो का?

पीव्हीसीला ज्वाला लागली तरी ती दूर होताच तो सहसा स्वतःहून विझतो. हा त्याचा गुण आहे. पण जळताना त्यातून दाट धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो आणि डोळे व श्वासनलिका होरपळवतो. आगीत बहुतेक जीव ज्वाळांनी नव्हे, तर धुराने जातात, हे लक्षात घेता हा दोष गंभीर आहे. प्लास्टरखाली बंद असलेल्या पाइपाला आगीची झळ उशिरा लागते, त्यामुळे बैठ्या घरात हा प्रश्न मर्यादित राहतो. इमारतीचा जिना, लिफ्टसमोरची मोकळी जागा, रुग्णालयाचा किंवा शाळेचा व्हरांडा, आणि फॉल्स सीलिंगवरची पोकळी येथे मात्र उघडा साधा पीव्हीसी नसावा. तिथे लोखंडी पाइप किंवा हॅलोजनमुक्त, कमी धुराचा पाइप वापरावा. मुंबई-ठाण्याच्या उंच इमारतींत विजेच्या उभ्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक मालाने भोक बंद केलेले असणे हे पाइपाच्या धातूइतकेच महत्त्वाचे आहे, कारण उघडा डक्ट धूर थेट वरच्या मजल्यांवर पोहोचवतो. आपल्या सोसायटीत ही भोके बंद आहेत की नाहीत, हे सभासदांनी स्वतः जाऊन पाहावे.

उंदीर पाइप कुरतडतात. काय करावे?

उंदीर पीव्हीसी, एचडीपीई आणि तारेचे आवरण सर्व कुरतडतात. धान्याचे कोठार, किराणा गोदाम, कौलारू घराचा माळा अशा ठिकाणी लोखंडी पाइप घ्यावा आणि बॉक्सची सर्व न वापरलेली भोके बंद करावीत.

विहिरीपर्यंत किंवा शेतपंपापर्यंत जमिनीखालून केबल न्यायची आहे. कोणता पाइप घ्यावा?

डीडब्ल्यूसी. खाचांच्या रचनेमुळे तो मातीचा आणि वरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा भार चांगला पेलतो, लांब गुंडाळीत मिळतो म्हणून जोड कमी लागतात, आणि काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यासोबत तो थोडा वाकून घेतो. कडक पीव्हीसीचे जोड अशा जमिनीत दोन-तीन पावसाळ्यांत सुटतात. चर किमान ७५ सेंटिमीटर खोल असावा आणि रस्ता ओलांडताना एक मीटर. नांगर किंवा जेसीबीचा दात तिथपर्यंत पोहोचू नये हा हेतू. पाइपाखाली व वर वाळूचा थर द्यावा, आणि त्यावर विटा किंवा धोक्याची पट्टी टाकून मगच चर बुजवावा. जिथे केबल जमिनीतून वर स्टार्टरच्या पेटीकडे येते, तिथे जीआय पाइप वापरून तो अर्थ करावा आणि त्याचे तोंड बंद करावे, नाहीतर पाणी आणि मुंग्या त्याच वाटेने पेटीत जातात. एचडीपीई जळत राहतो, त्यामुळे डीडब्ल्यूसी पाइप घराच्या आत उघडा आणू नये.

गोठ्यात कोणते वायरिंग सुरक्षित?

गोठ्यात सतत ओल असते, मूत्रातून अमोनिया निघतो आणि जनावरे अंग घासतात. लोखंडी पाइप इथे लवकर गंजतो, आणि त्यात वीज उतरली तर सर्वांत आधी बळी जातो तो गाई-म्हशींचा. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते, त्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असतात आणि माणसाला जाणवणारही नाही इतक्या कमी विद्युत दाबाने त्या अस्वस्थ होतात. म्हणून गोठ्यात हेवी पीव्हीसी पाइप जनावराच्या तोंडाच्या आणि शिंगांच्या टप्प्याबाहेर, उंचावरून न्यावा, पाणी न शिरणारे बॉक्स घ्यावेत आणि संपूर्ण गोठ्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) द्यावी. दुभत्या जनावराच्या किमतीपुढे हा खर्च अगदी किरकोळ आहे.

लवचीक पाइप सगळीकडे वापरला तर वळणांचा प्रश्न सुटेल ना?

नाही. लवचीक पाइपाच्या आतल्या खाचांत तार अडते, आणि भिंतीत तो कुठेही झोल खात असल्याने नंतर तार बदलता येत नाही. मोटार, पंप किंवा एसीच्या बाहेरील यंत्राजवळ, जिथे कंप सोसायचा असतो, तिथल्या छोट्या तुकड्यापुरताच तो वापरावा. धातूचा लवचीक पाइप अर्थिंगची वाट म्हणून कधीही धरू नये.

भाड्याच्या घरात केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवर लावलेल्या झाकणाच्या पट्टीतले वायरिंग, चालेल का?

चालेल. कोरड्या खोलीत, हाताच्या उंचीवर पट्टी वायरिंग नीट केले तर ते सुरक्षित असते आणि भिंत फोडावी लागत नाही. न्हाणीघर, धुण्याची जागा आणि बाहेरची भिंत येथे ते नको.

इंटरनेट आणि टीव्हीच्या तारा त्याच पाइपातून नेता येतील का?

नेऊ नयेत. २३० व्होल्टच्या तारेचे आवरण बिघडले तर वीज थेट राउटरमध्ये किंवा कानाला लावलेल्या फोनपर्यंत येऊ शकते, आणि डेटाच्या तारेत गोंगाटही शिरतो. या तारांसाठी स्वतंत्र २५ चा पाइप प्रत्येक मोठ्या खोलीपर्यंत टाकून ठेवावा आणि तो रिकामा असला तरी त्यात ओढतार (पुढे तारा ओढून घेण्यासाठीची तार) सोडून ठेवावी.

लोखंडी पाइप एवढा महाग का पडतो?

मालाची किंमत जास्त आहेच, पण मजुरीचा वाटा अधिक आहे. प्रत्येक तुकडा शिकंज्यात धरून कापायचा, डायने चुड्या पाडायच्या, धार काढायची, वाकवायला मशीन लावायचे आणि प्रत्येक जोडाचे सातत्य तपासायचे, यात पीव्हीसीच्या कामाच्या कितीतरी पट वेळ जातो. म्हणूनच सगळे घर लोखंडी करण्यापेक्षा मीटरपासून डिस्ट्रिब्युशन बोर्डापर्यंतची उघडी वाट, पार्किंगमधली वाट आणि जिन्याची वाट लोखंडी ठेवून आतले सर्व काम मीडियम पीव्हीसीत करणे मला व्यवहार्य वाटते.

दुकानात चांगला पाइप कसा ओळखावा?

पाइपावर आयएसआय चिन्ह, मानक क्रमांक, माप आणि प्रत छापलेली असावी. तुकडा कापून कडेची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे. पायाखाली दाबल्यावर चांगला पाइप चेपतो, पण तडकत नाही. वाकवल्यावर वळणाच्या बाहेरच्या बाजूला पांढरी रेघ उमटून भेग पडत असेल, तर त्यात खडूची पूड जास्त मिसळलेली आहे असे समजावे. सॉकेट, बेंड आणि बॉक्स शक्यतो पाइपाच्याच कंपनीचे घ्यावेत, कारण मापातल्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही जोड सैल राहतो.

काम कोणाकडून करून घ्यावे आणि संपल्यावर काय तपासावे?

परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून. महावितरणची नवी जोडणी घेताना त्याच्या सहीचा चाचणी अहवाल लागतोच. पण तो केवळ कागद म्हणून न घेता चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक पाइपातून ओढतार आरपार जाते का ते पाहावे. तारा ओढून झाल्यावर, उपकरणे जोडण्यापूर्वी, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला इन्सुलेशनचा रोध मोजावा. तो एक मेगाओमहून कमी येता कामा नये. लोखंडी पाइप असेल, तर शेवटच्या बॉक्सपासून मुख्य अर्थपर्यंतचे सातत्यही मोजावे. एखाद्या पाइपातली कोणतीही एक तार हाताने ओढून पाहावी: ती बेताच्या जोराने हलली, तर पाइप मोकळा आहे, जागची हललीच नाही, तर रंगकाम सुरू होण्याआधी ठेकेदाराला ती वाट उघडून दुरुस्त करायला सांगावे आणि तोवर शेवटचा हप्ता देऊ नये.